धुरी, शेगडी, कॉइल... तान्ह्या लेकरांच्या छातीचे तुमचे अनुभव लिहा

मानेवाडा, एक आई (धागा सुरू करतेय)

माझी मुलगी आता ६ वर्षांची आहे. परवा पहिल्यांदा तिला फुप्फुसांची ताकद तपासायच्या मशीनच्या नळीत फुंकायला लावलं, टेक्निशियन ताई "अजून बाळा, अजून, अजून" म्हणत होत्या, पोरगी लाल झाली पण फुंक काही शेवटपर्यंत टिकेना. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

ती डिसेंबरात झाली. नागपूरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. माहेरी बाळंतपण, मागची खोली, खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे, बाजेखाली शेगडी. आंघोळ झाली की मालिशवाली मावशी गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला टाकायची आणि लेकराला दुपट्यासकट धुरावर धरायची, आधी पाठीकडून मग पोटाकडून. ती खोकायची, डोळ्यांतून पाणी यायचं, सगळे म्हणायचे कफ सुटून राहिला, मीही तेच धरून चालले. सव्वा महिना, रोज दोनदा. साडेतीन महिन्यांची असताना एका रात्री दूध ओढेना, श्वास भात्यासारखा आणि बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ५ दिवस ॲडमिट. डॉक्टरांनी विचारलं घरात धूर कशाकशाचा होतो, मी म्हटलं कशाचाच नाही, आमच्याकडे गॅस आहे. धुरी म्हणजे धूर हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो.

त्यानंतर दर थंडीत घरघर, आता पंप सुरू आहे. डॉक्टर म्हणाले एका कारणावर बोट ठेवता येत नाही, घरात दम्याचा इतिहासही असतो, पण फुप्फुसातले वायुकोश जन्मानंतर पहिल्या २-३ वर्षांत सगळ्यात झपाट्याने वाढतात आणि नेमकं तेव्हाच आपण धूर देतो. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, बरं-वाईट सगळं.

कामठी रोड, एक बाबा

ताई, मी गॅलरीत जाऊन सिगारेट प्यायचो आणि वाटायचं आपण काळजी घेतो. मग आत येऊन त्याच शर्टावर पोराला खांद्यावर घ्यायचो, त्याचं नाक माझ्या कॉलरपाशी. ८ महिन्यांत ३ वेळा नेब्युलायझर लागलं. तिसऱ्यांदा मास्क धरून मीच बसलो होतो, तो हाताने ढकलत होता. सोडली त्या आठवड्यात. सोपं नव्हतं, २ वेळा परत सुरू झाली, आता १४ महिने झाले.

नंदनवन

आमच्याकडे कॉइल. डेंग्यूची भीती, म्हणून पाळण्याखाली रात्रभर कॉइल आणि दार बंद. नंतर वाचलं की एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात, मोजमाप २००३ सालचं आहे. मी वाचून रडलेच. आता मच्छरदाणी, कडेने गादीखाली खोचलेली.

हिंगणा तालुका, आशाताई

मी बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, म्हणून हे जवळून पाहते. उज्ज्वलाचा सिलिंडर बहुतेक घरात आहे. पण चहा-भाजी त्याच्यावर आणि बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण २ घागरी पाणी तापवायला गॅस पुरत नाही आणि भरायला पैसे लागतात. ती चूल असते बाळाच्या खोलीला लागूनच. मी बायांना रागावत नाही. एवढंच सांगते की चूल अंगणात न्या, बाळ आत ठेवा, मधलं दार लावा.

आणि श्वास मोजायला शिका, बाळ शांत असताना, पूर्ण १ मिनिट. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे, दवाखान्यात न्या. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका. बंद खोलीत शेगडी तर मुळीच नको, तिचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आई-बाळ दोघंही झोपेतच जाऊ शकतात.

सदर, एमबीबीएस शिकतेय

घानात किंटाम्पो भागात गरोदर बायांच्या अंगावर मशीन लावून त्यांना चुलीचा कार्बन मोनॉक्साइड किती लागतो ते मोजलं होतं. ज्यांना जास्त लागला त्यांच्या बाळांची फुप्फुसं ३० व्या दिवशीच कमी ताकदीची निघाली आणि पहिल्या वर्षात त्यांना न्यूमोनियाचा धोकाही जास्त. म्हणजे पोटात असल्यापासूनच. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने २०२० मध्ये घरातल्या धुराने ५ वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं गेली.

गोधनी, एक आजी (नात टाइप करून देते)

बाई, हे सारं वाचून जीव कसातरी झाला. मीनं ७ लेकरं-नातवंडाईले धुरी देली. कोणाचं वाईट व्हावं म्हणून देली का? माया होती म्हनून देली. पन आता सुनेची तारीख पौषात हाय, तं मले सांगा, धुरी नाही, शेगडी नाही, मंग लेकराले ऊब द्याची कशी?

हिंगणा तालुका, आशाताई

आजी, तुमची माया कोणी नाकारत नाही. टोपडं, मोजे, आणि उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून गोधडी. मालिश जरूर करा, फक्त निखारा नको.

नवीन आई, पाचपावली

ताई, माझं लेकरू ४० दिवसांचं, झोपेत ५८ भरले. २ वेळा मोजले. ठीक आहे ना? सासूबाई रोज ऊद लावतात.

हिंगणा तालुका, आशाताई

६० च्या आत आहे, पण काठावर. तासाभराने परत मोज. दूध ओढतं ना नीट? दूध सोडलं किंवा छाती आत गेली तर आकडा न बघता निघ. ऊद आज बंद कर, सासूबाईंना माझा हा मेसेज वाचून दाखव.