मदत हवी आहे: घनफळ १/८ केलं तर दाब ३२ पट कसा?

मधला_बाक:
सीईटीचा सराव प्रश्न. वायू दाबून घनफळ १/८ केलं, दाब किती पट? उत्तर ३२ दिलंय, मला १/३२ येतंय. उणे घातांक नक्की कुठे लावायचा? लवकर सांगा, उद्या टेस्ट आहे.

लघुगणक:
वायू कोणता? एकदम दाबला की सावकाश? तापमान स्थिर असेल तर साधा बॉइलचा नियम (दाब × घनफळ स्थिर), उत्तर ८ पट.

मधला_बाक:
हेलियम, 'सडनली' दाबलाय. ३२ म्हटल्यावर ते उघडच आहे ना!

सरळरेष:
उघड कसलं? एकदम दाबला की उष्णता बाहेर जायला वेळ नसतो, तेव्हा दाब × घनफळ^गॅमा स्थिर; गॅमा हा वायूनुसार ठरलेला आकडा. हवा असती तर गॅमा १.४, म्हणजे साधारण १८.४ पट. हेलियमला ५/३.

दाब पी, घनफळ व्ही: पी ∝ व्ही^(-५/३). व्हीचं गुणोत्तर नवं भागिले जुनं, म्हणजे १/८. उणे घातांक अपूर्णांक उलटा करतो: (१/८)^(-५/३) = ८^(५/३). आधी घनमूळ २, मग पाचवा घात, ३२. तुम्ही गुणोत्तर आधीच उलटं करून ८ घेतलंत आणि वर उणेही ठेवलंत. दोन्हींपैकी एकच करायचं.

खडूफळा:
उणे घातांक लिहायचेच कशाला? पी१ × व्ही१^गॅमा = पी२ × व्ही२^गॅमा लिहा, किमती घाला, सोडवा. चूक होणारच नाही.

सरळरेष:
होते की, बाजू बदलताना. शिवाय वेळ जातो. उपग्रहाचा कक्षीय वेग ∝ त्रिज्या^(-१/२). त्रिज्या ४ पट, तर वेग निम्मा. तोंडी होतं, सूत्र मांडत कोण बसणार?

खडूफळा:
ज्याला १/३२ येतंय तो बसेल.

अर्धा_चहा:
तापमान विचारलं तर सेल्सिअस घालू नका. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. टी ∝ व्ही^(-२/३), म्हणून ४ पट, १२०० केल्विन, म्हणजे ९२७ अंश. पर्यायांत १०८ दिसला की समजा सापळा आहे.

लघुगणक:
त्याने तापमान विचारलेलंच नाही. असो, टक्क्यांना घातांकाने गुणायची युक्तीही इथे वापरू नका. घनफळ ३% घटलं तर दाब साधारण ५% वाढतो, ते छोट्या बदलापुरतं. इथे घट ८७.५%; ५/३ ने गुणलं तर दाब जेमतेम अडीच पट निघतो.

अर्धा_चहा:
सीईटीला उणे गुण नाहीत, ठोकून द्या. नीटला मात्र एक कापतात.

मधला_बाक:
३२ आलं! मग तार ओढून लांबी दुप्पट केली तर रोध ४ पट का? सूत्रात (रोध ∝ लांबी ÷ क्षेत्रफळ) लांबीचा घात १ आहे.

सरळरेष:
क्षेत्रफळ स्थिर असेल तरच तो १. ओढताना तारेचं घनफळ स्थिर राहतं, म्हणून क्षेत्रफळ ∝ लांबी^(-१), आणि ते छेदात आहे. १ − (−१) = २.

खडूफळा:
बघा, परत उणे घातांक घुसवला!