मदत हवी आहे: क्लबहाउसमधला मोबाइलचा नियम नव्याने लिहायचाय, कसा लिहू?

हिरवळ

नमस्कार मंडळी,

मी एका गोल्फ क्लबच्या हाउस कमिटीवर आहे. क्लबहाउसमध्ये मोबाइल कुठे चालेल आणि कुठे नाही, याचा नवा नियम लिहून पुढच्या बैठकीत मांडायचं काम माझ्याकडे आलंय. दोन मसुदे लिहिले आणि दोन्ही माझे मलाच पटले नाहीत. तुमच्यापैकी कोणी अशा कमिटीवर असाल, क्लबचे सभासद असाल किंवा क्लबात नोकरी केली असेल, तर तुमचं म्हणणं हवंय.

सध्याचा नियम एका ओळीचा आहे: 'क्लबहाउसमध्ये मोबाइल फोन वापरण्यास सक्त मनाई आहे.' पाटी दारातच आहे. ती लागली तेव्हा मोबाइल म्हणजे बोलायचं यंत्र, एवढंच होतं. आता टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घ्यायची ती क्लबच्याच ॲपवर. स्पर्धेचा ड्रॉ (कोण कोणाबरोबर खेळणार ती यादी) आणि निकाल ॲपवर. बिल भरायचं तेही फोनवरून. २०२० साली वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम (खेळाडूची कुवत आकड्यात मांडायची जगभरची एकच पद्धत) आल्यापासून स्कोअर त्याच दिवशी भरा म्हणून आम्हीच सभासदांच्या मागे लागतो, कारण त्या दिवशी वारा-पावसाने खेळ किती अवघड झाला होता याचा हिशेब त्याच दिवशी आलेल्या स्कोअरवरून होतो. मग फेरी संपवून आलेला माणूस पाटीखाली उभा राहूनच फोनमध्ये आकडे भरतो. नियम सगळेच मोडतात, आणि तो आठवतो फक्त ज्याला कोणाला तरी टोकायचं असेल त्याला.

हे असंच चाललं होतं. पण गेल्या महिन्यात दोन प्रसंग घडले आणि गप्प बसणं अशक्य झालं.

पहिला प्रसंग. रविवारची दुपार, हॉल भरलेला. एका सभासदांनी व्हिडिओ कॉल घेतला, फोन टेबलावर उभा केला आणि स्पीकर सुरू. शेजारच्या टेबलावर आमचे एक ज्येष्ठ सभासद होते. पत्नी गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदाच क्लबात आले होते, त्यांचे तिघे जुने जोडीदार त्यांना घेऊन बसले होते. ते काहीतरी सांगत होते, हळू आवाजात. बाकीचे तिघे पुढे वाकले. एकाने कानामागे हात धरला. पाच-सात मिनिटं त्यांनी तसं निभावलं आणि मग ते बोलायचेच थांबले. नुसते समोर बघत बसले. त्यांच्या टेबलावरून कोणीतरी वाढणाऱ्या मुलाला खूण केली. तो मुलगा सगळ्यात नवा. तो व्हिडिओ कॉलवाल्यांकडे गेला आणि अगदी वाकून म्हणाला, "सर, जरा आवाज..." त्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "तू मला नियम शिकवणार?" मुलाच्या हातातल्या ट्रेमधले ग्लास वाजले, ते मला माझ्या टेबलावर ऐकू आले. मी कमिटीवर आहे आणि मी उठले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने हॉलऐवजी आत भांड्यांकडे काम मागून घेतलं.

दुसरा प्रसंग अगदी उलटा. एक सभासद कोपऱ्यात एकट्याच वाचत बसल्या होत्या. त्यांच्या फोनचा बारीकसा बीप वाजला. पलीकडच्या गृहस्थांनी मान वळवून पाटीकडे बोट दाखवलं. बाईंना टाइप १ मधुमेह आहे. दंडावर सेन्सर लावलेला, साखर खाली आली की फोन वाजतो. चार अनोळखी माणसांसमोर त्यांना आपला आजार समजावून सांगावा लागला. नियमाने नेमकी नको त्या माणसाची मान खाली घातली.

म्हणून पहिला मसुदा, म्हणजे बंदी आणखी कडक करण्याचा, बाद. दुसऱ्यात मी सगळंच मोकळं सोडून 'इतरांना त्रास होणार नाही असे वागावे' असं लिहिलं. पण त्या रविवारच्या गृहस्थांनाही आपण कोणाला त्रास देतोय असं मुळीच वाटत नव्हतं.

गोल्फच्या नियमपुस्तकात काही आधार मिळतो का तेही पाहिलं. २०१९ च्या सुधारित नियमांत १.२ब खाली कमिटीला स्वतःची आचारसंहिता करता येते, दंडाचे स्ट्रोकही (स्कोअरमध्ये वाढवलेले फटके) लावता येतात, पण ते मैदानापुरतं. क्लबहाउस हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला. उलट मैदानावर गंमत बघा: २०१९ पूर्वी अंतर मोजायचं यंत्र चालायला कमिटीने तसा स्थानिक नियम करावा लागे. आता ते मुळातच चालतं, नको असेल तर बंदीचा नियम करावा लागतो. म्हणजे फेअरवेवर फोनमध्ये अंतर बघणं रीतसर आणि खुर्चीत बसून स्कोअर भरणं गुन्हा.

मला अडलंय ते दोन ठिकाणी. बंदी नेमकी कशावर घालायची? आणि तो नियम पाळून घेणार कोण? दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय.

---

जुना_खेळाडू

ताई, माझं मत जुन्या वळणाचं आहे, पण मनापासून सांगतो. पूर्ण बंदी ठेवा. अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा बघायला येणाऱ्या हजारो प्रेक्षकांना मोबाइल आत नेता येत नाही. सापडला तर बाहेर काढतात. तरी लोक वर्षानुवर्षं तिकिटासाठी झुरतात, आणि आत गेलेला प्रत्येकजण सांगतो की सगळे खेळाकडेच बघत होते. अठराव्या होलवरून थकून आलं की चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, ही क्लबहाउसची खरी कमाई. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही.

हिरवळ

काका, तुमची तळमळ कळते, आणि त्या चार जणांचं टेबल डोळ्यांपुढे आलं की मलाही असंच वाटतं. पण ऑगस्टात प्रेक्षकांसाठी फुकट वापरायचे टेलिफोन लावलेले असतात. बंदी आहे, तशी सोयही आहे. शिवाय तो एका आठवड्याचा पाहुणा, आपला सभासद वर्षभर येणारा. आणि दुसरीकडे आर अँड ए या ब्रिटनमधल्या गोल्फ संस्थेने आपल्या ओपन चॅम्पियनशिपमधली प्रेक्षकांवरची मोबाइलबंदी २०१२ साली उठवलीच. फोन सायलेंटवर, बोलायला ठरवून दिलेल्या जागा, असं करून.

---

कर्णिका

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, गोल्फ खेळत नाही. पण तुमचा पहिला प्रसंग वाचून राहवलं नाही.

शेजारी दोन माणसं बोलत असली तर आपण ते मागे टाकू शकतो. फोनवरचं अर्धंच बोलणं कानावर पडलं की ते मागे टाकता येत नाही. लॉरेन एम्बर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली यावर प्रयोग केला होता: लक्ष देऊन करायचं काम करताना पूर्ण संवाद ऐकू आला तर फारसं बिघडलं नाही, एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं तेव्हा चुका वाढल्या. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून मेंदू तिकडेच ओढला जातो. तेव्हा 'फोनवरच्या बोलण्याचा एवढा काय त्रास' असं कोणी बैठकीत म्हणालं तर हे सांगा. ही माणसाच्या कानाची घडणच आहे, म्हाताऱ्यांची कुरकुर नाही.

दुसरं म्हणजे, गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं, त्याला आम्ही लोंबार परिणाम म्हणतो. एक कॉल सुरू झाला की सगळी टेबलं हळूहळू चढत जातात. तुमच्या हॉलमध्ये फरशी, काचा आणि उंच छत असेल तर आणखीच. जाड पडदे आणि जाजम यांचा खर्च नियमाच्या जोडीनेच मंजूर करून घ्या.

आणि आता माझा खरा मुद्दा. ज्यांनी कानामागे हात धरला, त्यांना बहुतेक ऐकू कमी येतंय. आजची बरीचशी श्रवणयंत्रं ब्लूटूथने फोनला जोडलेली असतात. आवाज कमी-जास्त फोनवरून करतात. काही फोन तर टेबलाच्या मध्यावर ठेवले की माइकचं काम करतात आणि समोरच्याचं बोलणं थेट कानात पोचवतात. म्हणजे त्या दिवशी मित्राचं बोलणं ऐकायला त्यांना कदाचित टेबलावर एक फोनच हवा होता, आणि तुमच्या पाटीप्रमाणे तो ठेवता आला नसता.

हिरवळ

कर्णिकाताई, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या पहिल्या मसुद्यात 'टेबलावर फोन ठेवू नये' असंच वाक्य होतं.

---

बंकरवाली

लॉकर रूम विसरू नका. तिथे पूर्ण बंदी, मेसेज वाचायलाही नाही. कोण वाचतंय आणि कोण कॅमेरा धरून आहे हे बाहेरून कळत नाही. इथे सवलतीचा विचारसुद्धा करू नका.

रात्रपाळी

डॉक्टर आहे, ऑन-कॉल ड्यूटीवर, म्हणजे केव्हाही बोलावणं येईल अशा दिवशीही खेळते. मला फोन जवळ हवाच, पण हॉलमध्ये बोलायची गरज मला कधीच पडलेली नाही. व्हायब्रेट झाला की उठते, उचलते आणि चालता चालता 'एक मिनिट' म्हणते. फोन ठेवायची सूट द्या, खुर्चीत बसून बोलायची देऊ नका. आमच्या नावाखाली सगळेच सूट मागतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

पडद्यामागचा

मी अकरा वर्षं एका क्लबात काम केलं, शेवटची चार वर्षं कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख म्हणून. तुमचा तो मुलगा मी ओळखतो. म्हणजे तसा मीच होतो.

मॅडम, नियम कसाही लिहा, पण तो सांगायला वाढणाऱ्याला पाठवू नका. ज्या सभासदाला आम्ही टोकणार, त्यालाच पाच मिनिटांनी ऑर्डर विचारायला जायचं असतं. त्याची तक्रार गेली तर आमची नोकरी, आमची तक्रार गेली तर त्याला काहीच नाही. सभासदाला सभासदानेच सांगावं. आमच्याकडे पुढे असं झालं की शनिवार-रविवार कमिटीतला एकजण पाळीने हॉलमध्ये असायचा. आम्ही फक्त त्यांना जाऊन कळवायचं. पहिल्या दोन महिन्यांत दोन-चार वेळा खटके उडाले, मग लोकांना कळलं की समोर कमिटी आहे.

अजून एक. माणसाला 'बंद करा' म्हणणं जड जातं, 'इकडे या' म्हणणं सोपं. आम्ही जिन्याखालची एक लहान खोली रिकामी केली, दार, दोन खुर्च्या, चार्जिंगचा प्लग आणि चांगलं वायफाय. वायफाय महत्त्वाचं. रेंज नसली की लोक खोलीतून परत हॉलमध्ये येतात आणि खिडकीशी उभे राहून ओरडतात, हे आम्ही सुरुवातीला भोगलं. नुसतं 'व्हरांड्यात जा' असंही लिहू नका. पावसात कोणी जात नाही, आणि व्हरांड्यालगतच पहिला टी (पहिला फटका मारायची जागा) असेल तर तिथे टी ऑफ करणाऱ्याचा स्विंग बिघडतो.

जुना_खेळाडू

पडद्यामागचा, तुमचं वाचून मी माझ्या क्लबात किती वेळा वेटरला खूण केलीय ते आठवलं. यापुढे स्वतः उठेन. ताई, पूर्ण बंदीचा माझा आग्रह मागे घेतो, पण स्पीकर मात्र एक क्षणही चालू देऊ नका.

---

हिरवळ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून तिसरा मसुदा लिहिला, तो असा:

'क्लबहाउसमध्ये फोन जवळ ठेवण्यास, टेबलावर ठेवण्यास व आवाज न करता वापरण्यास हरकत नाही. घंटी बंद असावी. वैद्यकीय उपकरणांची सूचना व श्रवणयंत्र यांना हा नियम लागू नाही, व त्याबद्दल कोणीही खुलासा मागू नये. फोनवर बोलणे फक्त फोनच्या खोलीत. स्पीकर व व्हिडिओ कॉल क्लबहाउसमध्ये कोठेही नाही. लॉकर रूममध्ये फोन बाहेर काढू नये. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये. उपस्थित कमिटी सभासदाने अथवा कर्मचाऱ्याने सांगितल्यास नियमाचे तात्काळ पालन करावे.'

जाजम आणि पडद्यांचा खर्च वेगळ्या ठरावात मांडतेय. पाळीच्या यादीत पहिल्या रविवारी माझं नाव घातलंय.

पडद्यामागचा

चांगला झालाय. फक्त शेवटच्या वाक्यातलं 'अथवा कर्मचाऱ्याने' काढा. ते दोन शब्द राहिले तर कमिटीवाला बसून राहील आणि खूण पुन्हा त्या मुलालाच होईल.

हिरवळ

काढले. तो मुलगा अजून आत भांड्यांकडेच आहे, शनिवारी दुपारची पाळी असते त्याची. मसुदा सचिवांकडे देण्याआधी मी आत जाऊन त्याला वाचून दाखवणार आहे, आणि त्या रविवारी न उठल्याबद्दल त्याची माफी मागणार आहे.