राज्यपालाच्या सहीची मुदत ठरवायला लोकांचं मतदान?

पांझराकाठ
काल धुळ्यात अभ्यासिकेत सराव मुलाखत झाली. मॅडमनी विचारलं, "विधेयकावर सही करायला राज्यपालाला किती दिवस द्यायचे, हे बदलताना कॅलिफोर्नियात लोकांचं मत घेतात. आपल्याकडे घ्यावं का?" मी राज्यपालाच्या संमतीचा अनुच्छेद २०० घडाघडा म्हटला आणि तिथेच गार पडलो. दिवसांच्या आकड्यासाठी मतदान? कुणी सोपं करून सांगा ना.

शहादेकर_सॅक्रामेंटो
मुदत इथे कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच लिहिलीय, म्हणून. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, मग मतदारांचं बहुमत. जून १९९० चा प्रस्ताव १०९ याच विषयावर होता. एरवी १२ दिवस. सम वर्षी ३१ ऑगस्टला अधिवेशन संपताना शेकड्यांनी विधेयकं येऊन पडतात, त्यांना ३० सप्टेंबरपर्यंत. मतपत्रिका पोस्टाने घरी येते. असल्या प्रस्तावांपर्यंत पोचेतो माझा चहा गार झालेला असतो. आणि इथला राज्यपाल निवडून आलेला असतो, नेमलेला नाही. त्याचा नकार दोन-तृतीयांशांनी उलटवता येतो.

वकीलभाऊ_जळगाव
दिवस नको मोजू भो, मुदत संपल्यावर काय होतं ते बघ. कॅलिफोर्नियात राज्यपाल गप्प बसला तर कायदा झाला. न्यूयॉर्कात अधिवेशन संपल्यावर ३० दिवस गप्प बसला तर विधेयक मेलं. आपल्याकडे 'शक्य तितक्या लवकर', तेही विधेयक विधानसभेकडे परत पाठवण्यापुरतं. ८ एप्रिल २०२५ ला तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घातल्या, १० विधेयकं मंजूर धरली. २० नोव्हेंबरला पाच जणांच्या घटनापीठाने मत दिलं की न्यायालयाला मुदत घालता येत नाही, मंजूरही धरता येत नाही. राज्यपाल बेमुदत बसून राहिले तर फार तर 'निर्णय घ्या' म्हणता येईल.

पांझराकाठ
आत्ता डोक्यात शिरलं. आजोबा गेले तेव्हा आमचा वारस फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावायची नोंद, असाच लटकला होता. हरकतीचे १५ दिवस गेले, हरकत एकही नाही, तरी नोंद प्रलंबित. बाबा मृत्यूचा दाखला आणि जुना सातबारा खताच्या पिशवीत घालून साक्रीला खेपा घालायचे. नामंजूर केली असती तर प्रांतांकडे अपील केलं असतं. निर्णयच नाही तर अपील कशावर? बाबा तिथे म्हणाले होते, "नही तं नही, पन काहीतरी लिखी द्या." सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या वर्षी पीककर्ज हुकलं, कपाशीचं बियाणं उधारीवर आणलं. माझं उत्तर ठरलं: गप्प म्हणजे मंजूर.

केळीबाग_रावेर
थांब रे भाऊ. उद्या चुलत्याने खोटी वारस नोंद घातली, तुला नोटीस पोचलीच नाही आणि साहेब १५ दिवस रजेवर. गप्प म्हणजे मंजूर?

पांझराकाठ
चुलते दोन आहेत. परत वाचायला बसतो.