पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास कशाचा?

ए-१०१ (सेक्रेटरी काका): सकाळपासून पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायलाय. कुणाची गाडी गळायलीय का? लेकरं खाली खेळायलेत.

बी-२०४: काका, माझीच. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा पार्ट, बदलायलो होतो. आता गळत नाही. त्रास झाला, माफ करा.

सी-३०२ (काकू): घरी? संभाजीनगरातली समदी गॅरेजं बंद पडली का रे?

बी-२०४: गॅरेजवाला चारही बदला म्हणत होता काकू. खराब एकच होता. गाडी थरथरायली होती, चेक लाईट लागला, स्कॅनरवर पी०३०३ आला, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. आधी तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल अन् प्लग दुसऱ्यावर टाकून पाहिले, मिस तिसऱ्यावरच राहिला. मग इंजेक्टरच्या दोन पिनांना मल्टीमीटर लावला. बाकीचे तीन १२-१३ ओहम, हा काहीच दाखवंना. आतलं तारेचं वाइंडिंगच तुटलेलं.

ए-३०३: ओहम बरोबर आले म्हणून इंजेक्टर बरोबर असं नसतं बरं का. कचरा बसला की फवारा बिघडतो, ते मीटरला कळत नाही.

बी-२०४: हाव दादा. म्हणून कालच बाकीचे तिघं अल्ट्रासोनिक मशीनमध्ये साफ करून आणले. ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवायच्या रबरी रिंगा, मात्र चारही इंजेक्टरच्या नव्या.

ए-१०१ (सेक्रेटरी काका): ते सगळं ठीक. पण वास कशाचा?

बी-२०४: सांगतो. दाब उतरायला गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, गाडी चालू करून आपोआप बंद पडू दिली, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला. एवढं करूनही रेलचा, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचा, पाईप सोडला तेव्हा फडकं भिजलंच. ते कालचं. आज बसवताना तीन नंबरच्या भोकात बघतो तर जुनी खालची ओ-रिंग तळाला चिकटलेली. कडक झालेली, निघता निघेना. शेवटी आईच्या क्रोशाच्या सुईनं काढली. वरून नवा तसाच दाबला असता तर बसलाच नसता. पण दोन नंबरची वरची रिंग घाईत कोरडीच घातली. फ्यूज, बॅटरी लावून चावी ऑन केली, पंप दोन-तीन सेकंद घुं करून थांबला, अन् टॉर्च मारतो तर रेलखाली थेंब. स्टार्टर मारला नव्हता म्हणून बरं. परत सगळं उघडलं. रिंग कडेनं कापली होती, नखाएवढा तुकडा. नवीला इंजिन ऑईलचं बोट फिरवलं, सरळ दाबली. मग तीनदा चावी ऑन-ऑफ केली, कोरडं. त्यानंतरच स्टार्ट.

सी-३०२ (काकू): अन् माझा नातू तिथंच सायकल फिरवायला होता!

बी-२०४: हे मात्र चुकलं काकू. गाडी लोटून बाहेर मोकळ्यात न्यायला पाहिजे होती. जिन्याखालचा आग विझवायचा पावडरचा लाल सिलिंडर तेवढा शेजारी ठेवला होता.

ए-३०३: त्याचा काटा बघितला का?

बी-२०४: थांबा, बघून येतो.

बी-२०४: लाल पट्ट्यात आहे.

ए-३०३: म्हणजे नसल्यातच जमा. सेक्रेटरी काका??

ए-१०१ (सेक्रेटरी काका): हा मेसेज डिलीट केला आहे

सी-३०२ (काकू): आता का गप?

ए-१०१ (सेक्रेटरी काका): उद्या भरायला देतो. दुसऱ्या मजल्यावरचाही देतो.

सी-१०३: भाऊ, पुढच्या रविवारी माझ्या डिझेलचे पण करून दे ना. चहा-पोहे माझ्याकडून.

बी-२०४: डिझेलला मी हात लावत नाही दादा.

ए-३०३: अन् तुम्हीही लावू नका. याच्या रेलमध्ये ३-४ बार दाब असतो. कॉमन रेल डिझेलमध्ये १६०० बारच्या पुढं जातो, काही नव्या गाड्यांत २००० च्याही वर. चालू इंजिनावर गळती बघायला बोट लावलं तर धार कातडीतून आत घुसते. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण बोट जायची वेळ येते. शिवाय बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. ते डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्तीवाल्याकडंच न्या.

सी-१०३: बरं बाबा. पोहे कॅन्सल.

सी-३०२ (काकू): आईची सुई तरी नीट परत दिलीस का?

बी-२०४: तीनदा साबणानं धुतली. वास जाईना. आई म्हणली, ठेव तुलाच.