'गॅलेक्सी क्वेस्ट'ला विडंबन म्हणावं की खिल्ली?

प्रश्न: 'गॅलेक्सी क्वेस्ट' (1999, दिग्दर्शक डीन पॅरिसॉ) या चित्रपटाची ओळख करून देताना '"स्टार ट्रेक" या अंतराळ-मालिकेची खिल्ली उडवणारा विनोदी चित्रपट' असं लिहिलेलं खटकतं. खिल्लीत तुच्छता असते, आणि इथे ती औषधालाही सापडत नाही. 'विडंबन' लिहावं का? पण 'विटंबना' त्याच्याच घरातली, म्हणून हात अडखळतो.

उत्तर: बेलाशक 'विडंबन' लिहा. संस्कृतात 'विडम्ब्'चा एक अर्थ अनुकरण करणं, बरोबरी करू पाहणं असा आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू रघूचं विडंबन करतो: पांढऱ्या कमळांचं छत्र धरतो, फुललेल्या काशाच्या चवऱ्या ढाळतो, तरी रघूची शोभा काही त्याला साधत नाही. चेष्टेचा तिथे लवलेश नाही.

'विटंबना' मराठीत वेगळ्या वाटेला गेली. पुतळ्याची, ध्वजाची, मृतदेहाची होते ती विटंबना. लिंगही निराळं: ते विडंबन, ती विटंबना. 'मालिकेची विटंबना' म्हटलं तर कुणीतरी मालिकेचा अवमान केला, एवढाच अर्थ निघेल.

पुरवणी: 'विडंबना' हे तिसरं रूपही जपून वापरा. हिंदीत त्याचा अर्थ दैवाची किंवा परिस्थितीची उलटी चाल असा होतो, आणि 'ही विडंबना आहे की…' अशी वाक्यं तिकडून मराठीत शिरतात. त्या जागी 'दैवदुर्विलास' किंवा 'विपर्यास' हे आपले शब्द आहेत.

दुसरं उत्तर: व्युत्पत्ती पटली, पण शब्द लागू पडतो का हे कृतीवरून ठरवावं. विडंबनाला मूळ कृतीच्या लकबी नेमक्या उचलाव्या लागतात. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले'त हेच केलं. तेव्हाच्या कवींची शब्दकळा आणि वळणं हुबेहूब पकडली, म्हणून ते विडंबन. नुसते विनोद पेरले असते तर ती थट्टा झाली असती.

या कसोटीवर चित्रपट पाहा. बंद पडून बरीच वर्षं झालेल्या एका अंतराळ-मालिकेचे नट मेळाव्यांतून सह्या देत फिरतायत. थर्मियन नावाचे परग्रहवासी मालिकेचे भाग खरा इतिहास समजतात आणि त्यावरून यान जसंच्या तसं बांधून काढतात. इथून पुढे प्रत्येक विनोद एकेका लकबीवर बेतलेला आहे. सिगर्नी वीव्हरच्या पात्राचं काम काय, तर संगणक बोलला की तेच पुन्हा बोलायचं. यानात एक बोळ आहे, तिथे अवजड लोखंडी ठोकळे कारण नसताना आदळत राहतात, कारण मालिकेच्या एका भागात ते तसे होते. यान उडवून देणारं घड्याळ थांबवायचं बटण वेळेत दाबलं जातं, तरी आकडे उतरत राहतात आणि अखेर 1 वर थांबतात, कारण मालिकेत ते नेहमी तिथेच थांबायचं. यान तळावरून पहिल्यांदा निघतं तेव्हा एका बाजूने भिंतीला घासत, किंचाळत बाहेर पडतं. 'स्टार ट्रेक'च्या 1979च्या चित्रपटातलं यानाचं लांबलचक, भक्तिभावाने चित्रित केलेलं प्रस्थान ज्यांनी पाहिलंय त्यांना हा ओरखडा दुप्पट हसवतो.

म्हणजे मूळ मालिका मन लावून पाहिल्याशिवाय हे लिहिताच येत नाही. प्रेम दिसतं ते इथे.

शंका: मग 'प्रेमळ विडंबन' असं विशेषण जोडायची गरज आहे का?

उत्तर: एकट्या 'विडंबन' या शब्दात प्रेम किंवा द्वेष ठरलेला नाही, म्हणून जोडलेलं बरं. 'आपुलकीने केलेलं विडंबन' कानाला अधिक सहज वाटतं. बाकीचे शब्द असे वापरावेत: 'थट्टा' निरागस, 'टिंगल' जराशी बोचरी, 'टवाळी'त टवाळखोराचा उर्मटपणा, 'खिल्ली'त तुच्छता, 'उपहासा'त दोष दाखवायचा हेतू. 'उपरोध' या रांगेतला नव्हे, तो बोलण्याचा प्रकार आहे: एक बोलून उलट सुचवणं. मेल ब्रुक्सच्या 'स्पेसबॉल्स'ला (1987) 'धमाल थट्टा' शोभेल. 'गॅलेक्सी क्वेस्ट'ला ती अपुरी पडते, कारण त्यातली नटमंडळी शेवटी आपल्या भूमिकांना खरोखर जागतात.

शंका: सॅम रॉकवेलचं पात्र 'आपण पहिले मरणार' म्हणून घाबरलेलं असतं. त्या प्रकारच्या पात्राला मराठीत काय म्हणावं?

उत्तर: इंग्रजीत 'रेडशर्ट'. 'स्टार ट्रेक'मध्ये लाल सदऱ्यातले बिननावाचे शिपाई परग्रहावर उतरून मरायचे, त्यावरून. 'लालसदरेवाला' असं भाषांतर केलं तर ज्याने मालिका पाहिली नाही त्याला काहीच बोध होणार नाही. 'रेडशर्ट'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात 'मरण्यापुरतं आणलेलं पात्र' एवढा खुलासा करा. या पात्राला मालिकेत नावच नव्हतं, नुसता 'क्रमांक 6', हेही त्याच वाक्यात सांगता येईल.