परीकथेतला नायक देखणा नसला की जोकरच का होतो?

चुलवाण_२४

मंडळी, कोल्हापुरात आम्ही चौघं मिळून ५ मिनिटांची टूडी परीकथा करतोय, ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. सेकंदाला २४ फ्रेम, जवळजवळ सगळं टूजवर (एक चित्र दोन फ्रेम), म्हणजे ३६०० चित्रं. गोष्ट अशी: नदीपलीकडच्या वाड्यात राक्षसिणीनं राजकन्या कोंडलीय. चांगल्या पाकाचा गूळ खाल्ला की राक्षसिणीला गाढ झोप लागते. सोडवायला जातो तो राजपुत्र नाही, गुऱ्हाळावर चुलवाणात (भट्टीत) चिपाड (उसाचा वाळलेला चोथा) घालणारा पोरगा. ठेंगणा, रुंद, पोट पुढं, मान जवळजवळ नाहीच. वर अंधाराला भितो.

कागदावर नायक वाटतो, अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांची वेळेत बसवलेली फिल्म) लावलं की जोकर. पहिल्या पावलाला लोक हसतात ते शेवटपर्यंत हसतच राहतात, राजकन्या सुटते तेव्हासुद्धा. मोठ्या फिल्मवाल्यांनी असले नायक उभे केले ते नेमकं काय करून? डिझाइन बदलू, गोष्ट बदलू, का चाल? चेहरा देखणा करायचा नाही, एवढं पक्कं.

मॉडेलशीट

चेहऱ्याला हात लावू नका. देखणा राजपुत्र काढायला सगळ्यात अवघड आणि बघायला सगळ्यात रिकामा. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये तो खरा वाटेल असा हलवणं इतकं जड गेलं की त्याचं काम कापून सुरुवातीला आणि शेवटाला ठेवलं. १९५० च्या 'सिंड्रेला'त त्याला नावसुद्धा नाही. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'तला फिलिप त्या मानानं कामाचा, ड्रॅगनला मारतो. पण पकडला गेल्यापासून फिल्म संपेपर्यंत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. सुबक चेहरा एक रेघ इकडची तिकडं झाली की बिघडतो, म्हणून काढणारा त्याला हलवायलाच बिचकतो. तुमच्या गड्याचं तोंड कसंही ताणा, खपतं. सोयच झाली की!

आता १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' काढा. अ‍ॅनिमेटर ग्लेन कीननं बीस्ट (शापानं जनावर झालेला राजपुत्र) बांधला तो जनावरं जोडून: बायसनचं डोकं, सिंहाची आयाळ, गोरिलाच्या भुवया, रानडुकराचे सुळे, अस्वलाचं अंग, लांडग्याचे पाय आणि शेपूट. डोळे मात्र माणसाचे ठेवले. न्याहारीचा प्रसंग फ्रेम-फ्रेम पुढं सरकवत बघा. तो आधी वाडग्यात तोंड घालून खातो, मग चमचा धरू बघतो, जमत नाही. नायिका बेल आपला चमचा खाली ठेवते, वाडगा उचलते आणि दोघं वाडग्यानंच पितात. तिथं ती खदखदून हसली असती तर बीस्ट तिथंच संपला असता.

म्हणून पहिला प्रश्न: तुमची राजकन्या याला पहिल्यांदा बघते तेव्हा तिच्या तोंडावर काय आहे? याला कसं घ्यायचं ते प्रेक्षक तिच्याकडं बघून ठरवतो. ती हसत असेल तर ते चित्र आजच काढून टाका.

शेवटाला त्याला उजळ, उंच वगैरे करायचा मोह होईल, तो टाळा. बीस्टचा राजपुत्र झाल्यावर हिरमुसलेले लोक आजही भेटतात. 'श्रेक'नं (२००१) ते उलटं केलं, शाप सुटल्यावर राजकन्या फियोना ओगरच (राक्षसच) राहते.

काहील_काकवी

गोष्ट गुऱ्हाळाची, आणि वर लिहिलेल्यात गुऱ्हाळाचं काम कुठंच नाही? 'फ्रोझन' (२०१३) बर्फ कापणाऱ्यांपासून सुरू होतो. करवती, आकडे, बर्फाच्या लाद्या, आणि त्या गर्दीत बारका क्रिस्टॉफ एक तुकडा काढायला धडपडतोय. पुढं तो कितीही अवघडून वागला तरी गडी कामाचा आहे हे डोक्यात बसलेलं असतं.

तुमच्याकडं तर गोळी बघण्याचं (पाक झाला का ते तपासण्याचं) काम आहे, याहून चांगलं हाताचं कसब कुठलं? पाक ११५ ते १२० अंशांच्या आसपास आला की गुळव्या (गूळ करणारा) बोटं गार पाण्यात बुडवून काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक उचलतो, परत पाण्यात घालून गोळी वळतो आणि आवाज ऐकतो. पोझ अशा पाडा:

हात पाण्याच्या बादलीत, १२ फ्रेम. काहिलीत जाऊन बाहेर, ६ फ्रेम, एवढं वनजवर (दर फ्रेमला नवं चित्र). टूजवर केलं तर बोटं पाकात रेंगाळल्यासारखी दिसतात आणि बघणाऱ्याला भाजतं. परत पाण्यात, ८. अंगठा आणि दोन बोटांत गोळी वळणं, २४. मग थांबायचं. १६ फ्रेम हात स्थिर, नजर गोळीवर, फार तर एकदा पापणी. मग काठावर गोळी टाकली, 'टक्', ६. एकूण ७२, म्हणजे ३ सेकंद.

बिघडतं ते त्या १६ फ्रेममध्ये. संपादनाला बसलं की 'इथं काहीच होत नाही' म्हणून पहिली कात्री तिथंच लागते. ती लागली की नुसते हात वळवळताना दिसतात, आणि वळवळणारे हात विनोदी असतात.

सुरुवातीला म्हातारा गुळव्या हे करतो आणि पोरगा चुलवाणाच्या तोंडापाशी बसून बघतो. काहिलीला हात लावायची त्याला मुभा नाही. शेवटी राक्षसिणीच्या वाड्यात तोच गोळी बघतो, अगदी त्याच पोझ, फक्त थांबा १६ ऐवजी ३२. पहिल्याला हसलेले लोक दुसऱ्याला गप्प बसतील.

आणि त्याला काहीतरी गमावू द्या. 'टँगल्ड'मध्ये (२०१०) नायक फ्लिन स्वतः मरत असताना रापुन्झेलचे केस कापतो, ज्या केसांनी तो वाचला असता तेच. बीस्ट शाप सुटायच्या ऐन वेळी बेलला जाऊ देतो. तुमच्याकडं नदी आहेच. तो होडीतून पलीकडं जातो, तिथलं चिपाड ओलं निघतं, जाळ बसायला लागतो, पाक अजून कच्चा. परतायची होडी तो फोडतो आणि चुलवाणात घालतो. एक शब्द न बोलता. ३:४० च्या आसपास हे आलं पाहिजे, त्याच्या नंतर एकही विनोद नको.

चुलवाण_२४

होडीचं लई भारी. घेतलं. आवाजाचं विचारायचं राहिलं: पोरगा कोल्हापुरी बोलतो, राजकन्या, राजा आणि राक्षसीण पुस्तकी. ठीक ना?

तिकटीवरचा

तिथंच मार खाल्लाय तुम्ही, भावा. चाल-बिल नंतर बघा. नाटक-सिनेमा-मालिकांनी पन्नास वर्षं आपली बोली विनोदाला वापरलीय. एकटा पोरगा 'काय करायलंयस' म्हणाला आणि बाकीचे 'आपण काय करीत आहात' म्हणाले की पुढचं काही न ऐकता लोक हसायला बसतात. दोनच वाटा. एक, सगळ्यांना कोल्हापुरी द्या, राजकन्येलासुद्धा. मग बोली हीच त्या राज्याची भाषा होते. दोन, पोरग्याला जवळजवळ मुका ठेवा, ५ मिनिटांत ६-७ वाक्यं. मी पहिली घेईन. राक्षसीण 'गूळ आणलाईस न्हवं?' म्हणाली तर जास्तच भीती वाटेल.

'श्रेक'चं उदाहरण इथं लागू आहे. श्रेकला आवाज देणाऱ्या माइक मायर्सनं बरंचसं ध्वनिमुद्रण आधी साध्या आवाजात केलं होतं, ते टाकून स्कॉटिश ढंगात परत केलं. ढंग आला तरी श्रेक त्या ढंगावर विनोद करत नाही. सूर्यफूल हातात घेऊन फियोनाला काय बोलायचं ते घोकत जातो तो प्रसंग ऐका. तोच ढंग, पण हसू येत नाही, पोटात तुटतं.

पार्श्वसंगीतातला भोंगाही काढा. जाड माणूस चालला की खालच्या सुरात 'पुं पुं' लावायची खोड सगळ्यांनाच आहे. त्या जागी चिपाडाची कुरकुर आणि जाळाचा आवाज पुरतो.

(अवांतर: प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्याला गेली, आणि १९३४ ला तिनं 'जंबूकाका' हा कार्टूनपट केला. जंबूक म्हणजे कोल्हा. राजपुत्र न घेता कार्टून करायची आपली रीत जुनीच.)

अर्धी_सावली

'चेहऱ्याला हात लावू नका' हे अर्धंच पटलं. चेहरा राहू दे, मानेचं काही तरी करा. मान नसलेला माणूस वर बघू शकत नाही, आणि राजकन्या वरच्या खिडकीत असणार. डोकं खांद्यांच्या वर ठेवू नका, खांद्यांच्या थोडं पुढं लावा. वर बघताना डोकं मागं सरकतं, हनुवटीखाली तेवढ्यापुरती जागा निघते. मॉडेल शीटवर (पात्र कसं काढायचं ते ठरवलेल्या कागदावर) ही पोझ वेगळी काढून ठेवा, नाहीतर चौघं चार प्रकारे काढतील.

पोटासमोर हात आला की काळ्या सावलीत तो गायब होतो. गोळी वळतानाची सगळी मजा तिथंच जाईल. हात बाजूला काढा, पाऊण कोनात उभं करा, आणि बंडी फिकट, हात उघडे आणि गडद ठेवा. प्रत्येक की (मुख्य) पोझ पूर्ण काळी भरून बघा; काय चाललंय ते कळलं नाही तर पोझ बदला, रंगानं झाकू नका.

आता पहिल्या पावलाचं हसू. पैजेवर सांगतो, तो डावी-उजवीकडं डोलतोय आणि डोकं वर-खाली उसळतंय. ते बदकाचं चालणं. साध्या चालीला एका पावलाला १२ फ्रेम लागतात, याला १६ द्या. डोलणं अर्ध्यावर आणा, डोकं जवळजवळ एका रेषेत ठेवा, वजन खाली बसतं त्या पोझला २ फ्रेम जास्त, आणि पोट शरीराच्या २ फ्रेम मागून येऊ दे. डोक्यावर चिपाडाचा भारा घेतलेला माणूस डोलत नाही, डोलला तर भारा पडतो. पहिल्या शॉटमध्ये त्याच्या डोक्यावर भारा द्याच, चाल आपोआप सुधारेल.

कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून घेतला की तो बुटका दिसतो. त्याच्या उंचीवरून घेतला की बाकीचं जग उंच दिसतं.

अंधाराची भीती राहू दे, पण दात वाजवणं, गुडघे आपटणं नको. 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'मध्ये (२०२२) मांजर मरणाला घाबरून पळतं आणि झाडाला टेकून धापा टाकतं, तेव्हा बारकं कुत्रं काही न विचारता त्याच्या पोटावर डोकं ठेवतं, आणि श्वास हळूहळू खाली येतो. तुमच्याकडं पोट मोठं आहे, श्वास दाखवायला याहून चांगली जागा नाही. घाबरल्यावर एक श्वास १० फ्रेम, होडी फोडायच्या आधी ४०.

नवीन अ‍ॅनिमॅटिक झालं की आधी आवाज बंद करून दाखवा, गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना. कुठल्या सेकंदाला हसले ते कागदावर लिहा. ३:४० नंतर कुणी हसलं तर दोष चित्रातच आहे, संगीतवाल्याला फोन करू नका.