लालबाग-परळची टॉकीज आणि तमाशाची थेटरं: कोणाला काय आठवतंय?

सई_ठाणे

नमस्कार. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. चाळीतली खोली विकून आमचं कुटुंब ठाण्याला आलं तेव्हा मी पाळण्यात होते. आजोबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्या भागातला कुठलाही पत्ता ते अजून टॉकीजवरूनच सांगतात: गणेशच्या मागे, जयहिंदच्या समोर. मला त्यातलं भारतमाता सोडून काही ओळखू येत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, आजोबा म्हणतात, ‘आम्ही पिक्चर कायम बाराचाच बघायचो.’ गिरणीत कामाला असलेला माणूस भर दुपारी बाराला थेटरात कसा? आणि दोन, ‘हनुमान थिएटर’ असं कोणी नुसतं म्हटलं तरी आजी विषय बदलते. आईलाही कारण माहीत नाही. कोणी तिथलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

चिंचपोकळी_पूर्व

लालबाग नाक्याच्या आसपास जयहिंद, गणेश आणि भारतमाता. दादरकडे निघालात की हिंदमाता, पुढे दादर टीटीला चित्रा आणि ब्रॉडवे. पलीकडे डिलाईल रोडला दीपक, ते तर १९२६ चं. टॉकीज गेली तरी बसथांब्यांना काहींची नावं राहिली. आमच्याकडच्या नव्या पोरांना वाटतं हिंदमाता म्हणजे फक्त पाणी तुंबतं ती जागा. बाकी ऑपरेटरकाका इथे असतात, ते सांगतील.

जुना_ऑपरेटर

आहे, आहे. नातवाचा अभ्यास घेत होतो.

सईताई, आधी बाराच्या खेळाचं. गिरणीत तीन पाळ्या. पहिली सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. दुसऱ्या पाळीचा गडी मध्यरात्री सुटणार, गाळ्यावर, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेल्या खोलीवर, येऊन अंग टाकणार, उशिरा उठून खानावळीत जेवणार. मग साडेतीनपर्यंत त्याने करायचं काय? बाराचा खेळ तीनच्या आत सुटला की तो तिथूनच परस्पर गिरणीच्या गेटवर. मॅटिनीला बहुतेक जुना पिक्चर असायचा, तिकीटही कमी. तिसऱ्या पाळीवालेही बाराला यायचे, पण ते झोपायला. खोटं नाही सांगत, पंख्याखालच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरायच्या. एकेका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने पथारी टाकायची, तिथे दिवसा डोळा लागणार कसा? आमचा डोअरकीपर तीनच्या खेळाआधी अशांना खांदा हलवून उठवायचा. एखादा फारच गाढ झोपला असेल तर तसाच ठेवायचा, फक्त मालक आत आले नाहीत ना ते बघून.

मी १९७४ ते १९८३ त्या भागातल्या एका थेटरात ऑपरेटरच्या हाताखाली होतो. थेटराचं नाव घेत नाही. शेवटी शेवटी पगार थकला तो थकलाच, आणि मालकांची मुलं आता भली माणसं आहेत, उगाच कशाला.

केबिनमध्ये दोन मशिनं. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये उजेड पेटवायचा, कांडी जळेल तशी पुढे सरकवत राहायची. मे महिन्यात आम्ही बनियनवर असायचो. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन जोडली तर वीस-बावीस मिनिटं, आणि हिंदी पिक्चर म्हणजे सोळा-अठरा रिळं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू करायचं, परत चमकला की उजेड त्या मशीनवर न्यायचा. हा ठिपका हजारातल्या एकालाही दिसत नाही. मला मात्र अजून जुना पिक्चर टीव्हीवर लागला की आधी तोच दिसतो, आणि बायको म्हणते, ‘आता गाणं तरी बघ.’

कधी दोन थेटरांत मिळून एकच प्रिंट असायची. तिथे पहिली रिळं संपली की सायकलवरचा पोरगा ती आमच्याकडे आणायचा. कागदावर अर्ध्या तासाचं अंतर ठेवलेलं असे. पावसाळ्यात हिंदमाताजवळ पाणी भरलं की ते गणित बुडायचं. तो पोरगा सायकल कुठेतरी टेकवून रिळांचा डबा डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून यायचा, आणि तोवर आम्ही दंतमंजनाच्या नि साड्यांच्या दुकानांच्या स्लाइडी फिरवून फिरवून दाखवायचो. खाली पिटातले, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त खुर्च्यांवरचे लोक त्या स्लाइडी मोठ्याने वाचायचे, तालात.

आता हनुमान. ते सिनेमाचं नव्हे, तमाशाचं थेटर, लालबागचं. नेराळे कुटुंबाचं. मधुकर नेराळ्यांनी ते बरीच वर्षं चालवलं. पाऊस लागला की गावोगावच्या जत्रा बंद, मग तमाशाचे फड मुंबईत मुक्कामाला. गण, गवळण, बतावणी, मग वग. सोंगाड्याने गिरणीतल्या जॉबरवर, म्हणजे मुकादमावर, एक कोटी केली की पाच मिनिटं पुढचं काही ऐकू यायचं नाही. प्रेक्षक बहुतेक घाटावरचा, म्हणजे सातारा, पुणे, नगरकडचा. कोकणातले लोक तिकडे कमी. त्यांचं परळच्या दामोदर हॉलला नमन नाहीतर शक्ती-तुरा, म्हणजे कोकणातले खेळ. एकाच खात्यात शेजारी शेजारी साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहणारे दोघे रविवारी दोन दिशांना जायचे.

तुमच्या आजीचं मला जे वाटतं ते सांगतो, राग मानू नका. पुष्कळांच्या बायका तेव्हा गावीच असत. नवऱ्याची मनिऑर्डर आली की घर चालायचं. ती उशिरा आली, किंवा आली ती कमी आली, की गावात कोणीतरी मुंबईहून आलेला हळूच सांगायचा की ‘दादा हनुमानला दिसले होते.’ आता थेटर बिचारं काय करणार? आत अश्लील असं काही नव्हतं. आमची आई मात्र शेवटपर्यंत त्या दारासमोरून जाताना पदर सारखा करून चालायची. ९० च्या दशकात तमाशे थांबले, नंतर तिथे लग्नं लागायला लागली. माझ्या पुतण्याचं तिथेच झालं. आईने जेवणाचं कौतुक केलं, जागेबद्दल एक शब्द नाही.

राहिलं ते कसं संपलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसला. पहिले काही आठवडे आमच्याकडे उलट गर्दी वाढली, कारण सगळ्यांनाच सुट्टी. मग हातातला पैसा आटला, खानावळवाल्या बायकांनी तरी किती दिवस उधार घालायचं, आणि माणसं गावी गेली. पावसाळ्यात बाराच्या खेळाला वीस-पंचवीस डोकी. सगळ्यात आधी गेले ते ब्लॅकवाले, म्हणजे जादा भावाने तिकिटं विकणारे. ब्लॅकवाला बाहेर दिसेनासा झाला की थेटर संपलं असं समजावं. मालकाला ते दोन वर्षांनी कळतं.

गिरगावचा_बंड्या

काका, लिहिलंय झकास, पण सगळं संपावर टाकू नका. त्याच १९८२ मध्ये एशियाड झालं आणि रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. आमच्या चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचो आणि रात्रभरात तीन पिक्चर. वर करमणूक कर होताच. आणि गिरगावात कुठे गिरण्या होत्या? १९३१ ला पहिला बोलपट जिथे लागला ते मॅजेस्टिक १९७२ लाच पाडलं. टीव्हीसुद्धा तेव्हा मुंबईत नुकताच येत होता. जागेचा भाव बोलतो, बाकी काही नाही.

जुना_ऑपरेटर

बंड्याशेठ, गिरगावचं तुम्हाला माहीत, मी तिथे कांड्या जाळल्या नाहीत. पण लालबागमध्ये ८२-८३ साली व्हीसीआरसाठी वर्गणी द्यायला कोण होतं? व्हिडिओ आमच्याकडे आला तेव्हा खुर्च्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या. आणि जागेच्या भावाचं म्हणाल, तर थेटर पाडून नुसते दुकानांचे गाळे काढता येत नाहीत. जुन्या आसनांच्या एक तृतीयांश तरी आसनांचं थेटर परत बांधावं लागतं. म्हणून तर कितीतरी थेटरं पाडलीही नाहीत, चालवलीही नाहीत, नुसती कुलपं. भारतमाता गिरणीच्या जागेवर. ती जागा खाली करायची पाळी आली तेव्हा मराठी सिनेमावाले तिच्यासाठी उभे राहिले. बाकीच्यांसाठी कोण येणार?

नायगावकरीण

बायकांचं कोणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. आमचं थेटर शारदा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या इमारतीतलं. आई पुस्तक बदलायला निघाली की घरात कोणी अडवायचं नाही, आणि पुस्तक बदलायला तीन तास लागतात हे बाबांनी निमूट मान्य केलं होतं. बायकांच्या तिकिटांची रांग वेगळी आणि छोटी. मग ओळखीची-बिनओळखीची मुलं ‘मावशी, माझं पण एक काढा ना’ करत मागे यायची. आई काढून द्यायची, पण त्याला आत गेल्यावर आमच्या पुढच्या रांगेत बसायचं नाही अशी अट. उंच मुलं असायची.

चित्रा २०१९ ला बंद झालं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. पिक्चर मला समजला नाही, सोडून द्या. दामोदरचं जास्त लागलं. १९२२ चा हॉल, सोशल सर्व्हिस लीगचा, गिरणीतल्या माणसांनी पाळी संपवून तोंडाला रंग लावायचा तो हॉल. पुनर्विकासासाठी २०२३ ला बंद केला. आमच्या सासरच्या गावाचं नमन दरवर्षी तिथे असायचं. मुंबईतल्या मंडळाने तिकिटं विकायची, त्या पैशातून गावच्या देवळाचं काम. गण झाला की गवळणी, आणि मावशीच्या वेशात आमचे चुलतसासरे, जे बँकेत हेडकॅशियर होते. आता ते नमन दुसऱ्या उपनगरात करतात. लालबागची म्हातारी माणसं तिथवर येत नाहीत.

सई_ठाणे

काका, ताई, खूप आभार. आजोबांना सगळं वाचून दाखवलं. विणखातं, दुसरी पाळी, बरोबर बाराचाच खेळ. पंख्याखालच्या खुर्च्यांवर जोरात हसले. हनुमानचं वाचलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, ८१ च्या गौरीला मनिऑर्डर आलीच नव्हती.’ आजोबा म्हणतात, पोस्टाचा घोळ होता.

जुना_ऑपरेटर

पोस्टाचाच असणार. आम्ही सगळे तेच सांगायचो.